कॉम्प्युटरचा कौल

"काय करणार मॅडम, कॉम्प्युटरच तसं म्हणतोय," असं आजही कुणी मला बँकेत नाहीतर दवाखान्यात सांगितलं की माझं डोकं सणकतं. कॉम्प्युटर काही म्हणत नाही. त्याला म्हणायला लावतात. खिडकीपलीकडचा बिचारा चष्मा वर करून बघत राहतो, की या बाईला एवढं चिडायला झालं तरी काय. त्याला काय ठाऊक, या एका वाक्यापायी माझी पहिली नोकरी गेली. गेली ते बरं झालं, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा ट्रेनिंग कंपनीत लागले होते. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या काढणारा गाळा, वर आम्ही. जिना चढताना नाकात जळक्या प्लॅस्टिकचा वास आणि दार उघडलं की एकदम एसीचा गारवा. तो एसी आमच्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. दारात चपला काढायच्या, हात पुसायचे, मगच आत. कंपनीच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. दसऱ्याला सर स्वतः कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि एरवी कुणी पडद्याला बोट लावलं तर त्याची खरडपट्टी काढायचे.

आमचा धंदा काय, तर साहेब लोकांना खेळ शिकवायचा. कारखान्यांचे अधिकारी यायचे, त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला पंख्यांची एकेक खोटी कंपनी द्यायची. किती पंखे बनवायचे, काय भावानं विकायचे, जाहिरात किती करायची, हे ते कागदावर लिहून देणार. मी ते आकडे मशीनमध्ये भरणार. मग प्रिंटर करकर करत कागद ओकणार आणि कळणार की कोण तरलं, कोण बुडालं. टाय लावलेली, पोटं सुटलेली माणसं त्या खोट्या पंख्यांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायची. एकदा एकाची कंपनी बुडाली तर तो दुपारी जेवलाच नाही. मला जाम हसू यायचं. पण मजा बघा, भांडायचे ते एकमेकांशी. प्रिंटरमधून आलेल्या कागदाशी कुणीही कधी भांडलं नाही. कागद आला की माना खाली.

मी राहायचे घाटकोपरला, साकीनाक्यावरून बसनं जायचे-यायचे. बाबा गिरणीत होते. त्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. तेव्हापासून ते दारातल्या बाकावर बसून गल्लीतल्या सगळ्यांचे रेडिओ फुकट दुरुस्त करायचे आणि घर माझ्या पगारावर चालायचं. मी अजून कायम झाले नव्हते. "तुझं बघू, दिवाळीच्या आत करून टाकू," असं सर दर महिन्याला म्हणायचे. आई ते वाक्य ऐकून देवापुढे साखर ठेवायची.

त्या वर्षी सरांना मोठं गिऱ्हाईक मिळालं. मुलुंडची मोटारी बनवणारी कंपनी. पाण्याच्या पंपाला लागतात त्या मोटारी. त्यांना आमचा पंख्यांचा खेळ नको होता. त्यांना त्यांच्याच कारखान्याचं मॉडेल हवं होतं. म्हणजे कारखान्याचे सगळे आकडे मशीनमध्ये घालायचे आणि मशीननं पुढच्या दोन-तीन वर्षांचं काम पाच मिनिटांत करून दाखवायचं. कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मनात तांब्याची तार गुंडाळण्याचा विभाग मुंबईतून हलवून गुजरातच्या हद्दीत नव्या शेडमध्ये न्यायचा होता. हलवला तर काय, ठेवला तर काय, हे मॉडेलनं सांगायचं.

मॉडेल मी बनवलं. खूप जीव लावून बनवलं, खोटं कशाला बोलू. मुलुंडला जाऊन त्या विभागात मी कितीतरी दिवस बसले. सगळ्या बायकाच. तार साच्यावर अशी गुंडाळायच्या की बघत राहावं, आणि तोंडानं गप्पा चालूच. त्यांच्यात एक सातारकडची बाई होती, दादरला भीमजयंतीला न चुकता जाणारी, आवाज असा की मशीन बंद पडावं. ती नव्या पोरींना शिकवायची. नव्या पोरीची गुंडाळी पहिले काही महिने भंगारातच जाते, हे मी तिथं डोळ्यांनी बघितलं. कधी तार तुटते, कधी वेढे कमी पडतात, कधी वरचा रंग खरवडला जातो. म्हणून मी मॉडेलमध्ये एक ओळ घातली. नवा माणूस कामाला लागला की त्याचा माल हळूहळू सुधारत जाईल, एकदम नाही. मी तिला सरावाची ओळ म्हणायचे.

ती ओळ घालून मॉडेल चालवलं, तर विभाग हलवणं घाट्यात. बराच काळ घाट्यात. कारण तिकडे सगळेच नवे.

सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ही सरावाची ओळ काढ."

"का?"

"अगं, नव्या शेडमधल्या मुलांना ट्रेनिंग आपणच देणार आहोत. तसं बोलणं झालंय माझं. पंधरा दिवसांत तयार करून देतो म्हणून सांगितलंय मी त्यांना. आणि तुझं मॉडेल म्हणतंय महिनोन् महिने लागतात. मग आपलं ट्रेनिंग काय, चहा-बिस्किटं खायला?"

"पण लागतातच ना सर. मी बघून आलेय."

"बघून आलीस, झालं. आता काढ."

"मी नाही काढणार."

माझा आवाज चढला असावा, कारण चहा घेऊन आलेला माणूस दारातच थांबला. सर हसले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "नको काढूस," ते म्हणाले. "मला येतं तेवढं. तू फक्त त्या दिवशी चालवून दाखव. मॉडेल तुझं आहे, शोभून दिसेल. आणि दिवाळी जवळ आलीय, लक्षात आहे ना?"

मला त्यांचा एवढा राग आला होता की त्या दिवशी बसमध्ये मी माझा थांबा सोडून पुढे गेले. घरी बाबांना सांगितलं. बाबा एका रेडिओचं पोट उघडून बसले होते. त्यांनी नुसतं विचारलं, "मगे, तू काय करतलंस?" मी म्हटलं, ठरवलं नाही. आणि खरंच ठरवलं नव्हतं. शूरपणाच्या गोष्टी सांगणारे लोक आधीपासून सगळं ठरवून असतात. मी नव्हते. मला कायम व्हायचं होतं.

तो दिवस आला. मोठे साहेब आले, आणि कामगारांच्या कमिटीला गाडीनं आणलं. चौघंजण. पुढारी होते एक मालवणकडचे काका, पांढरी टोपी, पांढरी विजार, मुलुंडच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला. सातारकडची ती बाईही होती, इस्त्रीचं पातळ नेसून. सगळ्यांनी दारात चपला काढल्या. काका आत आले, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि हात जोडले. मला कसंतरीच झालं.

साहेब गोड बोलले. "आजवर आम्ही काही सांगितलं की तुम्ही म्हणायचात, मालक खोटं बोलतो. म्हणून आज आम्ही काहीच सांगत नाही. आज हा सांगेल. याला ना मालक, ना कामगार. याला कुणाची भीड नाही." आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी मॉडेल चालवलं. सरावाची ओळ त्यात नव्हती. प्रिंटर करकरला. सरांनी कागद फाडला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट काढल्या आणि काकांच्या हातात दिला. विभाग मुंबईत ठेवला तर तोटा, हलवला तर पहिल्या महिन्यापासून फायदा. साहेबांनी बॅगेतून दुसरा कागद काढला, टाइप केलेला. विभाग हलवायला कमिटीची संमती. खाली सह्यांच्या जागा आखलेल्या.

काकांनी प्रिंटरचा कागद वाचला नाही. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, तीर्थप्रसाद धरतात तसा. मग बाकीच्यांकडे वळून हळूच म्हणाले, "देवान कौल दिल्यान. आता काय बोलूचा?" आणि खिशातलं पेन काढलं.

माझं गाव तिकडचंच. कौल म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघितलेलं. देवळात पाकळ्या पाण्यात भिजवून पाषाणाला चिकटवतात. उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. पण पाकळी लावण्याआधी गावचा मानकरी उभा राहून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला हाक मारून प्रश्न मांडतो, आणि बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी सात-आठ वर्षांची असताना गावात रस्ता कुठून न्यायचा यावर कौल लावला होता. मानकऱ्यानं विचारलं, रस्ता वडाकडून नेऊ तर उजवी दे, तळीकडून नेऊ तर डावी. उजवी पडली, म्हणजे वडाकडून. सगळे खूश. बाबा मात्र मला खांद्यावर घेऊन घरी येताना सारखे पुटपुटत होते, "आमच्या वाडीचा इचारल्यानच नाय." आमच्या वाडीत पुढे कित्येक वर्षं रस्ता आला नाही. देवाला कशाला दोष द्यायचा, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ऑफिसात मी कधी मालवणी बोलले नव्हते. सरांना तर मी कोकणातली हेही माहीत नसावं.

"काका, कौल पडलो ता खरा. पण गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं, जणू टेबलच बोललं.

"काय म्हटलंस?"

"गाऱ्हाणा कोणी घातल्यान? हेका प्रश्न कोणी घातलो? तुमी घातलास?"

सर म्हणाले, "ऊठ तिथून." साहेबांना काय चाललंय ते कळत नव्हतं, ते एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी उठले नाही. मी सरळ मराठीत सांगितलं, सगळ्यांना कळेल असं. "याच्यात मी एक ओळ घातली होती. नव्या माणसाला हे काम शिकायला वेळ लागतो, ही ओळ. ती काढून टाकलीय. आता याला वाटतं की तिकडची मुलं पहिल्या दिवसापासून तुमच्यासारखी तार गुंडाळणार. म्हणून तो फायदा म्हणतोय. त्याला सांगितलं तेच तो म्हणतोय."

"ही अजून कच्ची आहे," सर साहेबांना म्हणाले. "तांत्रिक गोष्ट आहे, तिला नीट कळलेली नाही." आणि माझ्या खुर्चीकडे आले.

तेवढ्यात सातारकडची बाई उठली आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. "बसू द्या तिला," ती म्हणाली. "आमाला बघायचंय."

मी ओळ पुन्हा घातली. बोटं चुकत होती, एकदा तर सगळी ओळ खोडून परत लिहावी लागली. प्रिंटर करकरला. या वेळी कागद मी स्वतः फाडला आणि काकांना दिला. विभाग हलवला तर बराच काळ तोटा.

साहेब म्हणाले, "वा. म्हणजे हिनं घातलं ते खरं का?"

मी म्हटलं, "नाही. हेही देवाचं बोलणं नाही. हाही आकडा मी घातलाय, तुमच्याच विभागात बसून बघितलेला. चूक असेल तर बदला." आणि मागे वळून बाईंना विचारलं, "तुम्ही सांगा. नव्या पोरीचा हात बसायला किती दिवस?"

"सा महिने."

"सा महिने कसले," काका एकदम म्हणाले. "तुझी भाची वर्षभर भंगार काढी होती."

"काका, भाचीचं नाव घेऊ नका हां, तिला नंबरचा चश्मा लागला व्हता."

"मगे आदी कमीत कमी चार महिने घाल. चार घाल गो, बघू."

मी चार घातले. मग सहा. मग एक वर्ष. प्रत्येक वेळी कागद वेगळा. कमिटीतले बाकीचे दोघे, जे आल्यापासून भिंतीला चिकटून होते, तेही पडद्याजवळ आले. एकानं विचारलं, तांब्याचा भाव वाढला तर? दुसरा म्हणाला, तिकडे वीज जाते म्हणतात, ती घालता येते का? एकानं पडद्यावर बोट ठेवलं. सरांनी त्याला काही म्हटलं नाही. साहेबांनी आपला टाइप केलेला कागद उचलला, बॅगेत घातला आणि जेवणाची वेळ झाली असं म्हणून बाहेर गेले.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "सही आज नाय," ते सरांना म्हणाले. "आमका इचारूचे प्रश्न आमी लिवन आणतंव. मगे बघू."

सरांनी मला संध्याकाळी बोलावलं. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच. मी म्हटलं, बरं. त्यांनी वर विचारलं, "काय मिळालं तुला?" खरं सांगते, मला त्यांची जराशी कीवही आली. मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं. पण मी त्यांना तोंडावर सांगितलं, "सर, पुढच्या वेळी ओळ काढायची असली तर समोर काढा. त्यांना दाखवून काढा." आणि निघाले. दाराबाहेर चपला घातल्या, तेव्हा आठवलं, डबा आत टेबलाखाली राहिलाय. परत आत गेले. चपला घालूनच गेले, थेट कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत. कुणी अडवलं नाही आणि त्या मशीनला काही झालंही नाही.

घरी आई रडली. बाबा रेडिओतून मान वर करून म्हणाले, "कौल फिरवलंस मां? जेव आता." मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र वाट लागली. अर्ज करा, बसमध्ये लटका, "कळवू" ऐका आणि परत या. पण मला पश्चात्ताप झाला असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो गैरसमज खुशाल ठेवावा. तो विभाग पुढे काही वर्षांनी हललाच. पण त्या चार ओळींच्या संमतीवर नाही. कमिटीनं साहेबांना समोर बसवलं, एकेक आकडा विचारला आणि प्रत्येक बाईचं काय होणार हे लिहून घेतल्यावर हलला. ते माझं कर्तृत्व नाही, ते त्यांनी स्वतः भांडून मिळवलं.

माझी नोकरी गेली त्याच वर्षी दसऱ्याला काका घाटकोपरला घरी आले. पत्ता कुठून काढला देव जाणे. म्हणाले, कारखान्यात मशीनची पूजा आहे, ये. मी बेकार, मला कसला दसरा. पण बाबांनी शर्ट चढवला आणि म्हणाले, चल, मीही येतो.

तार गुंडाळायचा विभाग झेंडूनं भरला होता. प्रत्येक मशीनला हार, साच्यांना कुंकू. सातारकडची बाई एरवी पूजेला हात जोडत नसे. तीही पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती, आणि सगळ्या बायका नव्या साड्यांत. नारळ ठेवला. काका नेहमीप्रमाणे गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. दर वर्षी तेच घालायचे. टोपी नीट केली आणि मग थांबले. मागे माझ्याकडे वळले.

"चेडवा, आज तू घाल गो."

बाई गाऱ्हाणं घालत नाही. आमच्याकडे मी कधी ऐकलं नव्हतं, बघितलं नव्हतं. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. एकजण घसा खाकरून काही म्हणणार होता, तर माझे बाबा, आयुष्यभर गावच्या देवळात मागच्या रांगेत उभे राहिलेले माझे बाबा, मोठ्यानं म्हणाले, "घालू दे."

मी पुढे गेले. नारळासमोर उभी राहिले. शब्द येत होते सगळे, लहानपणापासून पाठ होते, फक्त कधी म्हणायला मिळाले नव्हते.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हयसर जमली हत, तेंच्या हाताक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण आमच्या पोटापाण्याचो कौल मागीत, तेका आदी आमका इचारूची बुद्धी दी रे म्हाराजा."

सगळा विभाग म्हणाला. मालवणी न येणाऱ्या बायकाही म्हणाल्या. त्यात सातारकडच्या बाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"व्हय म्हाराजा."